जबानी आणि निवाडा

एका मिलिलिटर लघवीत एक लाख जीवाणू, ही संख्या आज वैद्यकीय व्यवहारात ज्या अधिकाराने वावरते तो अधिकार तिला तिच्या जनकाने दिलेला नव्हता. आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाविषयी व मूत्राशयाच्या जुनाट दुखण्याविषयी जो गोंधळ आज सर्वत्र दिसतो, त्याचे मूळ बव्हंशी या एकाच गोष्टीत आहे, असे माझे मत आहे. लघवीला जळजळ होते, अर्ध्या अर्ध्या तासाने जावेसे वाटते, ओटीपोट दुखते, रात्रीची झोप चारचार वेळा मोडते, अशी कैफियत घेऊन एखादी स्त्री डॉक्टरांकडे जाते, तिची लघवी तपासणीला पाठविली जाते, दोन दिवसांनी अहवालावर 'नो ग्रोथ' असा शेरा पडून येतो, आणि त्या शेऱ्यापुढे तिची सगळी कैफियत रद्दबातल ठरते. उलटपक्षी, ज्या वृद्धाला लघवीची कसलीही तक्रार नाही, त्याच्या लघवीत जीवाणूंची भरपूर वाढ आढळली एवढ्याच कारणास्तव त्याच्या हाती सात दिवसांच्या प्रतिजैविकाची चिठ्ठी पडते. पहिलीला हवे ते मिळत नाही, दुसऱ्याला नको ते मिळते. वरवर पाहता हे दोन अन्याय परस्परविरुद्ध दिसतात; पण दोन्ही ठिकाणी घडलेली चूक एकच आहे, आणि ती ही की, जो साक्षीदार म्हणून बोलवावयाचा त्या अहवालाला आपण न्यायासनावर बसविले आहे.

ही संख्या आली कोठून, हे पाहणे उद्बोधक आहे. मूत्राशयातून निघालेली लघवी बाहेर पडताना मूत्रमार्गाच्या तोंडावरील व आसपासच्या त्वचेवरील जीवाणू बरोबर घेऊन येते, म्हणून बाटलीत जीवाणू सापडले एवढ्यावरून ते मूत्राशयात होतेच असे सिद्ध होत नाही. आणि नळी घालून थेट मूत्राशयातून नमुना घ्यावा, तर त्या नळीनेच कित्येकदा संसर्ग आत शिरतो. या पेचातून मार्ग काढण्यासाठी बोस्टन सिटी हॉस्पिटलमधील एडवर्ड कॅस यांनी गेल्या शतकाच्या सहाव्या दशकात जे काम केले, आणि 1956 साली जे प्रसिद्ध झाले, ते खरोखर अव्वल दर्जाचे होते. मूत्रपिंडाला संसर्ग होऊन ताप आलेल्या स्त्रिया आणि लक्षणे मुळीच नसलेल्या स्त्रिया, अशा दोन गटांतील लघवीची त्यांनी मोजदाद केली. पहिल्या गटात बहुतेकींच्या लघवीत दर मिलिलिटरला लाखावर जीवाणू निघाले, दुसऱ्या गटात बहुतेकींच्या लघवीत त्याहून पुष्कळच कमी. लक्षणे नसलेल्या स्त्रीच्या एका नमुन्यात लाखाची संख्या भरली, तर ते जीवाणू मूत्राशयातलेच असण्याची शक्यता सुमारे 80 टक्के, आणि लागोपाठ दोन नमुन्यांत भरली तर सुमारे 95 टक्के, असा त्यांचा हिशेब होता. गर्भवती स्त्रियांच्या बाबतीत या कामाचे मोल फार मोठे ठरले. कारण गर्भारपणात लक्षणांवाचून राहिलेले जीवाणू वेळीच हटविले नाहीत तर पुढे मूत्रपिंडाचा गंभीर संसर्ग होण्याचा धोका असतो, आणि अशा स्त्रिया ओळखून काढण्याचे साधन या संख्येने दिले.

पण कॅस यांचा प्रश्न कोणता होता, हे विसरता कामा नये. जिला काही होत नाही तिच्या लघवीतले जीवाणू आतले की बाहेरचे, हा तो प्रश्न. जी स्त्री वेदनेने कळवळत समोर बसली आहे तिला संसर्ग आहे की नाही, हा प्रश्नच निराळा. आणि एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावण्याचा अधिकार कोणालाही पोचत नाही. तरीही ती संख्या प्रयोगशाळांच्या दप्तरात शिरली, शिरस्ता बनली, आणि शिरस्ता एकदा रूढ झाला म्हणजे तो कशासाठी सुरू झाला हे विचारण्याची कोणाला गरज वाटत नाही. 1982 साली सिएटल येथील वॉल्टर स्टॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न विचारला. लघवीला जळजळ होणाऱ्या स्त्रियांच्या मूत्राशयातून थेट घेतलेली लघवी आणि त्याच स्त्रियांनी नेहमीच्या रीतीने दिलेली लघवी त्यांनी ताडून पाहिली. ज्यांच्या मूत्राशयात कोलाय वर्गाचे जीवाणू निश्चितपणे होते, त्यांपैकी सुमारे अर्ध्याच स्त्रियांच्या लघवीत लाखाची संख्या भरली. लक्षणे असलेल्या स्त्रीच्या बाबतीत शंभर ही मर्यादा सत्याच्या अधिक जवळ जाते, असा त्यांचा निष्कर्ष होता. लाख आणि शंभर यांत हजार पटींचे अंतर आहे, आणि त्या अंतरात किती स्त्रियांचे दुखणे नामंजूर झाले असेल, याचा विचार मनाला अस्वस्थ केल्यावाचून राहत नाही.

येथे प्रयोगशाळेच्या कामाची एक बारीक बाब सांगितली पाहिजे, कारण ती रुग्णांना तर नाहीच, पण पुष्कळ डॉक्टरांनाही कोणी सांगत नाही. पोषक माध्यमाच्या बशीवर लघवी पसरण्यासाठी तारेचे जे लहानसे कडे वापरतात, त्यात बहुधा एक मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा हिस्सा, एवढीच लघवी मावते. म्हणून बशीवर उगवलेल्या एकेका ठिपक्याचा अर्थ मिलिलिटरला एक हजार जीवाणू असा धरला जातो. ज्या लघवीत मिलिलिटरला शंभर जीवाणू आहेत, तिच्यातील एखादा जीवाणू त्या कड्यात येण्याचा संभव दहात एक. जे पाहण्याची शक्तीच त्या साधनात नाही ते नाही असे त्या साधनाच्या आधारे म्हणणे, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्याला सोडून आहे. 'नो ग्रोथ' याचा खरा अर्थ इतकाच की, एवढ्याशा लघवीतून, या माध्यमावर, या तापमानात, एवढ्या तासांत काही उगवलेले दिसले नाही.

दवाखान्यात लघवीत बुडवून पाहण्याची जी रासायनिक पट्टी असते, तिची गोष्टही याहून फार वेगळी नाही. तिच्यावरील नायट्राइटचा चौकोन पीटर ग्रीस या रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात शोधलेल्या अभिक्रियेवर चालतो. काही जीवाणू लघवीतील नायट्रेटचे नायट्राइट करतात, आणि मग चौकोन गुलाबी होतो. हे रूपांतर पुरेसे व्हावे म्हणून लघवी साधारण चार तास मूत्राशयात थांबावी लागते. आता ज्या रोगाचे मुख्य लक्षणच असे की लघवी अर्धा तासही धरवत नाही, त्या रोगाच्या परीक्षेसाठी चार तास धरलेली लघवी मागावी, यातील विसंगती उघड आहे. शिवाय जळजळ कमी व्हावी म्हणून ती बिचारी तांब्यावर तांब्या पाणी पिऊन आलेली असते, त्यामुळे जीवाणू आणि पूयपेशी (पस सेल) दोन्ही विरळ होतात. एंटेरोकोकससारखे काही जीवाणू तर नायट्राइट बनवीतच नाहीत. पट्टीने होकार दिला तर तो बहुधा खरा असतो. तिच्या नकाराला मात्र तेवढे वजन देता येत नाही.

मग भरवसा ठेवावा तरी कशावर? याचे उत्तर पुष्कळांना अनपेक्षित वाटेल, पण ते पुराव्यावर आधारलेले आहे. 2002 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात स्टीफन बेंट प्रभृतींनी तोवरच्या अभ्यासांचा जो आढावा घेतला, त्यात असे दिसून आले की, लघवीला जळजळ आणि वारंवारिता ही दोन्ही लक्षणे आहेत आणि योनिमार्गातून स्राव किंवा तेथे खाज नाही, एवढे जिने सांगितले, तिला संसर्ग असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर जाते. चार प्रश्न नीट विचारून त्यांची उत्तरे कान देऊन ऐकली, तर केवळ रुग्णाच्या जबानीवरून निदान इतके निश्चित होते की, त्यानंतर आलेल्या नकारार्थी पट्टीने ते खोडून निघत नाही. आणि तरीसुद्धा जबानीला 'व्यक्तिनिष्ठ' आणि पट्टीच्या रंगाला 'वस्तुनिष्ठ' म्हणण्याचा प्रघात आहे.

यावर असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे, की मर्यादा शंभरावर आणली तर बाहेरचे जीवाणूही रोगकारक म्हणून गणले जातील. त्याचे उत्तर असे की, संख्या एकटी कधीच वाचावयाची नसते. टॉमस हूटन प्रभृतींनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रजोनिवृत्तीपूर्व वयातील, तीव्र लक्षणे असलेल्या स्त्रियांनी स्वतः दिलेली लघवी आणि नळीने घेतलेली लघवी पुन्हा ताडून पाहिली गेली. इ. कोलाय हा जीवाणू शंभराच्या घरात सापडला तरी तो मूत्राशयात बहुधा असतोच, असे तिथे आढळले; परंतु एंटेरोकोकस आणि ग्रूप बी स्ट्रेप्टोकोकस हे जीवाणू मोठ्या संख्येने सापडले तरी ते मूत्राशयात क्वचितच होते. तेव्हा कोणाच्या लघवीत, कोणता जीवाणू, कोणत्या लक्षणांसह, हे तिन्ही एकत्र पाहिल्यावाचून संख्येला अर्थ येत नाही.

ज्या न्यायाने लक्षणे असलेल्या स्त्रीवर विश्वास ठेवावयाचा, त्याच न्यायाने लक्षणे नसलेल्या माणसाला औषधापासून वाचवावयाचे, हे मी आग्रहाने सांगतो. वय वाढते तसे लघवीत जीवाणूंनी शांतपणे वस्ती करणे ही साधारण बाब होत जाते. दीर्घकालीन शुश्रूषागृहांत राहणाऱ्या वृद्ध स्त्रियांपैकी पाव ते निम्म्या स्त्रियांच्या लघवीत कोणत्याही वेळी जीवाणू सापडतात. कायमची नळी बसविलेल्या माणसाच्या लघवीत तर ते जवळजवळ नेहमीच असतात. गर्भवती स्त्रिया आणि मूत्रमार्गावर शस्त्रक्रिया व्हावयाची असलेले रुग्ण वगळता अशांना प्रतिजैविक देऊन हित होत नाही, हे वारंवार सिद्ध झाले आहे. अहित मात्र होते. इटलीतील तोमासो काइ प्रभृतींनी 2012 साली दाखविले की, ज्यांना पुनःपुन्हा संसर्ग होतो अशा तरुण स्त्रियांच्या लक्षणविरहित जीवाणूंवर उपचार केले, तर पुढील संसर्ग कमी होण्याऐवजी वाढतात. मूत्राशयात निमूट राहणारे जीवाणू कदाचित उपद्रवी जीवाणूंना शिरकाव करू देत नसावेत. घरातील म्हातारे माणूस असंबद्ध बोलू लागले की 'युरिन इन्फेक्शन असेल' म्हणून लघवी तपासावयाची, जीवाणू सापडले की तेच कारण ठरवावयाचे, आणि पाणी कमी पडले आहे का, सोडियम उतरले आहे का, नवी कोणती गोळी सुरू झाली आहे, याचा तपास तिथेच थांबवावयाचा, ही रीत मी अनेक घरांत पाहिली आहे आणि ती घातक आहे.

जुनाट दुखण्याचे प्रकरण याहून अवघड आहे. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, मूत्राशय भरू लागताच दुखू लागते, रिकामे केले की क्षणभर बरे वाटते, आणि प्रत्येक अहवाल कोरा येतो. अशा रुग्णांत बहुसंख्या स्त्रियांची आहे. 1915 साली बाल्टिमोर येथील गाय हनर यांनी अशा काही स्त्रियांच्या मूत्राशयात विशिष्ट व्रण पाहिले आणि त्यांचे वर्णन केले. ते व्रण आजही त्यांच्याच नावाने ओळखले जातात. पण व्रण थोड्यांतच सापडतात, आणि ज्यांच्यात सापडत नाहीत त्यांचे दुखणे मनाचे खेळ समजून बाजूला सारण्याची प्रवृत्ती पुढे पुष्कळ काळ टिकली. 1987 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील मधुमेह, पचनसंस्था व मूत्रपिंड विकारांच्या विभागाने 'इंटरस्टिशियल सिस्टायटिस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकाराचे निकष ठरविले. हे निकष संशोधनासाठी होते. निरनिराळ्या ठिकाणचे संशोधक एकसारख्या रुग्णांचा अभ्यास करोत, एवढाच त्यांचा हेतू असल्यामुळे ते मुद्दाम कडक ठेवले होते. नऊ महिन्यांहून कमी काळ त्रास असणारा रुग्ण त्यात बसत नसे, रात्री उठावे न लागणाराही बसत नसे. अल्पावधीतच दवाखान्यांतून हेच निकष निदानासाठी लागू होऊ लागले. आणि फिलिप हॅनो प्रभृतींनी 1999 साली पडताळा घेतला तेव्हा आढळले की, अनुभवी तज्ज्ञ ज्यांना हा विकार निश्चित किंवा बहुधा आहे असे मानीत होते, त्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक रुग्ण त्या निकषांच्या बाहेर राहत होते. भूल देऊन मूत्राशय ताणल्यावर दिसणारे रक्ताचे बारीक ठिपके हा एक महत्त्वाचा पुरावा मानला जाई. 1998 साली वॅक्समन प्रभृतींना तसेच ठिपके कसलीही तक्रार नसलेल्या, केवळ संततिनियमनाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या स्त्रियांतही दिसले. कॅस यांच्या संख्येचे जे झाले तेच या निकषांचेही झाले.

दरम्यान, ज्या गृहीतावर ही सारी इमारत उभी होती तेच हादरले. निरोगी माणसाची लघवी निर्जंतुक असते, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले. शिकागोजवळच्या लॉयोला विद्यापीठातील संशोधकांनी नळीने घेतलेली लघवी शंभर मायक्रोलिटर इतक्या मोठ्या प्रमाणात, अनेक माध्यमांवर, अधिक काळ वाढविली. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात पाचापैकी चार नमुन्यांत जीवाणू उगवले, आणि त्यांतील दहांपैकी नऊ नमुन्यांना नेहमीच्या रीतीने 'नो ग्रोथ' असाच शेरा मिळाला होता. सेंट लुई येथील स्कॉट हल्टग्रेन यांच्या प्रयोगशाळेने उंदरांत असे दाखविले की, इ. कोलाय मूत्राशयाच्या अस्तरातील पेशींच्या आत शिरून तिथे वसाहती करतात; तेथे ते औषधापासून आणि लघवीच्या प्रवाहापासूनही सुरक्षित राहतात.

याच दिशेने विचार करून लंडनमधील प्राध्यापक जेम्स मलोन-ली यांनी ताज्या लघवीतील पूयपेशी सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः मोजून आणि रुग्णाच्या लक्षणांना प्रमाण मानून दीर्घकाळ प्रतिजैविके देण्याची पद्धत स्वीकारली. त्यांच्या या पद्धतीवर मोठा वाद झाला. 2015 साली त्यांच्या दवाखान्यावर निर्बंध आले, तेव्हा रुग्णांनीच त्याविरुद्ध दाद मागितली. माझे मत असे आहे की, जुनाट दुखणे सांगणाऱ्याचे ऐकणे, ताजी लघवी पाहणे आणि कोऱ्या अहवालाला शेवटचा शब्द न मानणे, या तिन्ही बाबतींत ते बरोबर होते. परंतु लघवीत जीवाणू बहुतेकांच्या असतात असे एकदा कळल्यावर, दुखणाऱ्या मूत्राशयात ते सापडले म्हणून तेच दुखण्याचे कारण, असे म्हणता येत नाही. आणि एका गटाला औषध व दुसऱ्याला निष्क्रिय गोळी देऊन केलेल्या तुलनेवाचून महिनोन्‌महिने प्रतिजैविके चालविण्याचा सरसकट परवाना देणे मला मान्य नाही. भारतात इ. कोलाय सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या औषधांना मोठ्या प्रमाणावर दाद देईनासे झाले आहेत. येथे ही सावधगिरी अधिकच लागते.

या सावधगिरीला आपल्या देशापुरते आणखी एक कारण आहे, आणि ते सर्वांत वजनदार आहे. लघवीत पूयपेशी भरपूर, आणि नेहमीच्या संवर्धनात वाढ नाही, असा अहवाल आला तर महाराष्ट्रातील डॉक्टरांच्या मनात पहिला विचार क्षयाचा यावयास हवा. क्षयाचे जंतू मूत्रपिंडातून खाली उतरून मूत्राशयाला हळूहळू आकसवितात. शेवटी ते शिंप्याच्या अंगुस्तानाएवढे उरते, आणि माणूस दर पंधरा मिनिटांनी उठतो. हे जंतू दोन दिवसांच्या बशीवर उगवत नाहीत. त्यांना आठवडे लागतात, म्हणून लागोपाठच्या तीन दिवसांची पहाटेची लघवी मुद्दाम त्यासाठीच पाठवावी लागते, किंवा जनुकीय चाचणी मागावी लागते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी क्विनोलोन वर्गातील औषधे क्षयजंतूंनाही काही अंशी दडपतात. म्हणून दर वेळी अंदाजाने दिलेल्या त्या गोळ्यांनी रुग्णाला चार दिवस बरे वाटते आणि निदान काही महिने पुढे ढकलले जाते, एवढ्यात एखादे मूत्रपिंड निकामी होऊन जाते. मूत्राशयाचा प्राथमिक अवस्थेतील कर्करोगही जळजळ आणि वारंवारितेचेच सोंग घेतो. चाळिशीपुढच्या माणसाच्या लघवीत रक्त दिसले आणि संसर्ग सिद्ध झाला नाही, तर दुर्बिणीने आत पाहण्याचे टाळू नये. रजोनिवृत्तीनंतर येणाऱ्या संसर्गांचे प्रकरण त्यामानाने सोपे आहे. योनिमार्गात लावण्याच्या इस्ट्रोजेनने ते पुष्कळच कमी होतात, हे 1993 सालीच सिद्ध झाले, तरी ते सुचविणारे आपल्याकडे अजून थोडे आहेत.

'उन्हाळी लागली' म्हणून धन्याजिऱ्याचे पाणी, वाळ्याचे पाणी देण्याची आपल्या घरांतील रीत दोन दिवसांपुरती निरुपद्रवी आहे; थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखू लागले, की एक दिवसही थांबू नये. अधिक नुकसान होते ते औषधाच्या दुकानातून मागून आणलेल्या चार गोळ्यांनी. काही प्रतिजैविके 1 मार्च 2014 पासून 'एच-1' या अनुसूचीत आली, तरीही चिठ्ठीवाचून त्यांची विक्री थांबलेली नाही. आणि दोन गोळ्या पोटात गेल्यावर दिलेली लघवी कोरी निघण्याचा संभव फार. नमुन्याची वाट दुसऱ्या दिशेनेही चुकते. वैशाखातल्या दुपारी बाटली तीन तास पिशवीत पडून राहिली तर थोडे जीवाणू पुष्कळ होतात, कारण इ. कोलाय अनुकूल उष्णतेत वीस मिनिटांत दुप्पट होतो.

जबानीत जो प्रश्न जवळजवळ कोणीच विचारीत नाही, तोही येथे नोंदला पाहिजे: दिवसभर तुम्ही लघवीला कोठे जाता? मुंबईत 2011 साली 'राइट टू पी' या नावाने स्वयंसेवी संघटनांनी जी मोहीम सुरू केली, तिने या प्रश्नाला तोंड फोडले. बाजारात बसणारी भाजीवाली, बंदोबस्ताला उभी असलेली पोलीस शिपाई, ऊसतोडीच्या फडातील मजूर स्त्री, या पाणीच पीत नाहीत, कारण प्यालेल्या पाण्याला जाण्यासाठी जागा नसते. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ज्यांना वारंवार संसर्ग होतो आणि ज्या दिवसाला दीड लिटरहून कमी द्रव पितात, अशा स्त्रियांनी रोज आणखी दीड लिटर पाणी पिताच वर्षभरातील संसर्ग जवळजवळ निम्म्यावर आले. कोणत्याही गोळीला लाभावे असे हे यश आहे. पण ज्या स्त्रीला आडोसाच नाही तिला हा उपचार लिहून देता येत नाही, आणि तिच्या केसपेपरवर ही बाब कधी येतही नाही.

लघवीच्या बाटलीबरोबर प्रयोगशाळेकडे जी चिठ्ठी जाते, तिच्यावर आज बहुधा नाव, वय आणि 'युरिन कल्चर' एवढेच शब्द असतात. लक्षणे कोणती व केव्हापासून, गेल्या पंधरवड्यात कोणते प्रतिजैविक घेतले, नमुना किती वाजता दिला, क्षयाचा संशय आहे काय, एवढ्या चार ओळी डॉक्टरांनी तिच्यावर लिहाव्यात. प्रयोगशाळेने अहवालावर, किती लघवी पसरली, किती तास वाढविली, आणि या रीतीने कमीत कमी किती संख्या दिसू शकते, हे छापावे. यासाठी नवे यंत्र लागत नाही, नवा खर्चही नाही. 'मिलिलिटरला एक हजाराच्या वर वाढ दिसली नाही' असे वाक्य हाती आले, तर समोर बसलेली स्त्री जे सांगते आहे ते खोटे न ठरविता पुढचा डॉक्टर तिची ताजी लघवी सूक्ष्मदर्शकाखाली पाहील, अधिक लघवीचे संवर्धन मागवील, किंवा पहाटेचे तीन नमुने आणावयास सांगेल.